वाचता येईना, फाइल वाकडी

आयटीत नवीन लागलेल्या कोणालाही विचारा, पहिले दोन महिने काय केलंस? उत्तर ठरलेलं: "केटी घेतली." केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. म्हणजे काय, तर ज्याने नोटीस दिलेली आहे आणि ज्याचं मन पुढच्या कंपनीत केव्हाच पोचलेलं आहे असा माणूस तुम्हाला तीन आठवड्यांत तीन वर्षांचा कोड समजावून सांगतो. कागदावर काही नसतं. असलीच तर एक वर्ड फाइल असते, तिच्यावर दोन वर्षांपूर्वीची तारीख असते आणि तिच्यातल्या निम्म्या फंक्शन्सची नावं आता कोडमध्ये कुठेच सापडत नाहीत.

याचं कारण आळस असं सगळे म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. खरी गोम अशी आहे की कोड एका फाइलमध्ये आणि त्याची माहिती दुसऱ्या फाइलमध्ये. कोड बदलला नाही तर प्रोग्राम चालत नाही; माहिती बदलली नाही तर कोणाचंच काही अडत नाही. (म्हणजे लगेच अडत नाही. पुढचा केटीवाला येईपर्यंत!) म्हणून फार पूर्वीच लोकांनी युक्ती काढली की माहिती कोडच्या फाइलमध्येच, कॉमेंट म्हणून लिहायची आणि ती वेचून काढून त्याची नीटनेटकी पानं करायचं काम एका प्रोग्रामला द्यायचं. या प्रोग्रामला म्हणतात डॉक्युमेंटेशन जनरेटर. जावाडॉक, डॉक्सिजन, स्फिंक्स ही त्यातली मोठी मंडळी.

आता या मंडळींचा सगळा इतिहास सांगत बसलो तर वीकेंड संपेल. मला त्यातला एकच धागा धरायचा आहे. कुठल्याही खऱ्या प्रोजेक्टमध्ये एकाच प्रकारच्या फाइल्स कधीच नसतात. थोडं सी++, थोडं पायथन, एसक्यूएल, कॉन्फिगरेशनच्या फाइल्स, कोणीतरी 1980 च्या सुमारास लिहिलेलं फोरट्रान. जनरेटरला यातलं एखादं वाचता येतं, बाकीच्यांपुढे तो हात टेकतो. मग काय करायचं? फाइल बदलायची की जनरेटरला शिकवायचं? वरवर पाहिलं तर प्रश्न अगदी तांत्रिक आहे, पण त्याच्या उत्तरावर कोणाला आपली सवय बदलावी लागणार हे ठरतं, आणि म्हणून त्यावरून माणसं भांडली आहेत.

सुरुवात डोनाल्ड क्नुथपासून करायला हवी. स्टॅनफर्डचे हे प्राध्यापक 'टेख' ही अक्षरजुळणीची प्रणाली लिहीत होते. ती लिहिताना त्यांनी 'वेब' नावाची पद्धत काढली (इंटरनेटवाल्या वेबशी हिचा संबंध नाही, ते बाळ नंतर जन्मलं) आणि 1984 मध्ये 'लिटरेट प्रोग्रामिंग' या नावाने तिची मांडणी केली. कल्पना अशी की प्रोग्राम हा आधी माणसाने वाचायचा निबंध आहे. एकच फाइल लिहायची, तिच्यात गद्य आणि कोड एकत्र. 'टँगल' नावाचा प्रोग्राम त्यातून कंपायलरसाठी पास्कल कोड काढणार, 'वीव्ह' नावाचा प्रोग्राम छापायचं पुस्तक काढणार. एकाने गुंतवायचं, दुसऱ्याने विणायचं. टेखचा सगळा कोड असाच लिहिलेला आहे आणि तो पुस्तकरूपाने छापलाही गेला.

पण वीव्हला फक्त पास्कल कळत होतं. कोड सुंदर छापायचा, म्हणजे कुठला शब्द ठळक, कुठे ओळ मोडायची, हे ठरवायचं तर भाषेचं व्याकरण माहीत हवं. पुढे सी भाषेसाठी क्नुथनी सिल्व्हियो लेव्हींबरोबर 'सीवेब' केलं. म्हणजे नवी भाषा, नवं हत्यार. आणि भाषा तर दर वर्षी नव्या येत होत्या.

इथे नॉर्मन रॅम्झी नावाचा माणूस येतो, आणि मला या सगळ्या गोष्टीत तो फार आवडतो. त्याने आधी सरळ मार्ग धरला. 1989 मध्ये त्याने 'स्पायडर' मांडलं. त्याला भाषेचं वर्णन द्यायचं आणि ते त्या भाषेसाठी वेब तयार करून देणार. हुशारीचंच काम होतं. पण मग त्याने पुढचं पाऊल टाकलं ते उलट दिशेला. 'नोवेब' नावाचं नवं हत्यार लिहिलं, त्यात कोड सुंदर छापायचा हट्टच सोडून दिला. नोवेबला कुठलीच भाषा कळत नाही, म्हणून त्याला कुठलीही चालते! आतमध्ये छोट्या प्रोग्राम्सची साखळी. पहिला फाइलचे तुकडे करून त्यांना खुणा लावतो, मधले त्या खुणांवर काय हवं ते करतात, शेवटचा पान काढतो. तुम्हाला काही नवीन हवं असेल तर साखळीत आपली एक कडी घाला.

तेव्हा सौदा हा असा आहे: जनरेटर जितका कमी समजून घेईल तितक्या जास्त प्रकारच्या फाइल्स त्याला चालतील. पण मग तो तुम्हाला सांगू शकणार नाही की या फंक्शनला तीन पॅरामीटर आहेत आणि त्यातल्या दोघांचीच माहिती तुम्ही लिहिली आहे. ते सांगायला भाषा कळावी लागते.

जावाडॉक सौद्याच्या दुसऱ्या टोकाला. जावा 1996 मध्ये बाजारात आली ती जावाडॉक बरोबर घेऊनच. कॉमेंटची सुरुवात तिरकी रेघ आणि दोन तारे अशी केली की ती जावाडॉकची. जावाडॉकला जावा संपूर्ण कळते, कारण तो कंपायलरचंच डोकं वापरतो. पण जावाच कळते. 1998 च्या सुमारास त्यात 'डॉकलेट' आले, म्हणजे पानं कशी दिसावीत, कुठल्या फॉरमॅटमध्ये निघावीत हे तुम्ही ठरवू शकत होतात. काय वाचावं हे मात्र ठरवता येत नव्हतं.

ही गंमत सगळीकडे दिसते. जनरेटरला नवीन आउटपुट जोडायला दहा जण तयार असतात. एचटीएमएल झालं, लेटेख झालं, आरटीएफ, मॅन पेज, एक्सएमएल... नवीन इनपुट जोडायला मात्र कोणी पुढे येत नाही. पंगतीत वाढणं सोपं असतं हो, भाजी निवडायला कोणी बसत नाही. आउटपुटचे नियम तुमचे, इनपुटचे नियम दुसऱ्या कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेले, आणि त्यात खडे असतात.

आता डॉक्सिजन. दिमित्री व्हान हेश या डच प्रोग्रामरने 1997 मध्ये सी++ साठी हे लिहायला घेतलं. आतमध्ये 'फ्लेक्स' या हत्याराने बनवलेला एक स्कॅनर आहे, हजारो ओळींचा, जो फाइल वरून खाली वाचत जातो आणि 'हा क्लास सुरू झाला, हे फंक्शन आलं, ही कॉमेंट त्याची' असं टिपून घेतो. सी++ च्या पाठोपाठ जावा, सी#, पीएचपी, डी अशा भाषा आल्या आणि त्यातल्या बऱ्याचशा त्याच एका स्कॅनरमध्ये कोंबल्या गेल्या. ते जमलं कारण या सगळ्या महिरपी कंसवाल्या, एका गोत्राच्या. लग्नं जमायला हरकत नाही. :-)

गोत्राबाहेरच्या भाषांचं काय? त्यासाठी डॉक्सिजनमध्ये एक खिडकी ठेवलेली आहे, तिचं नाव इनपुट फिल्टर. तुम्ही एक प्रोग्राम लिहायचा, कुठल्याही भाषेत. डॉक्सिजन त्याला फाइलचं नाव देतो, तुमचा प्रोग्राम ती फाइल वाचून डॉक्सिजनला कळेल अशा रूपात पडद्यावर ओततो, आणि डॉक्सिजन मूळ फाइलऐवजी ते ओतलेलं वाचतो. कुठल्या एक्स्टेन्शनला कुठली गाळणी हे कॉन्फिगरेशनमध्ये लिहिता येतं. व्हिज्युअल बेसिक, पर्ल, मॅटलॅब, कशाकशासाठी लोकांनी अशा गाळण्या लिहिल्या. पायथनसाठीसुद्धा आधी हेच चालायचं, त्याचा स्वतंत्र स्कॅनर नंतर आला.

ही गाळणी म्हणजे खरं तर बहुरूप्याचा पोशाख आहे. व्हिज्युअल बेसिकचं फंक्शन सी++ चं सोंग घेऊन डॉक्सिजनच्या दारात उभं राहतं. 'अमुक ॲज इंटीजर' असं लिहिलेलं पॅरामीटर गाळणीतून 'इंट अमुक' होऊन बाहेर पडतं, एकेरी अवतरणचिन्हाने सुरू होणारी कॉमेंट दोन तिरक्या रेघांची होते. डॉक्सिजनला पत्ताच नाही की समोरचा मुळात कोण आहे.

आणि प्रत्येक सोंगाला असतो तसा इथेही एक कडक नियम आहे. गाळणीने ओळी वाढवायच्या नाहीत आणि कमी करायच्या नाहीत. मूळ फाइलमध्ये 40 व्या ओळीवर जे आहे ते सोंगातही 40 व्याच ओळीवर हवं. का? कारण डॉक्सिजन वाचतो गाळलेलं, पण 'कोड बघा' म्हटल्यावर वाचकाला दाखवतो मूळ फाइल. ओळी हलल्या की दुवे भलत्याच ठिकाणी जातात. वाचायला सोपा वाटतो नियम, पण एखाद्या भाषेत एका ओळीत जे लिहितात त्याला सी++ मध्ये चार ओळी लागत असतील तर त्या चारही एकाच ओळीत कोंबायच्या. म्हणून अशा गाळण्यांचं आउटपुट माणसाने पाहू नये असं असतं. लांबच लांब ओळी, मध्येच रिकाम्या ओळींचे पट्टे. मेकअप उतरवताना बहुरूप्याकडे पाहू नये म्हणतात तसंच.

माझं मत विचाराल तर ही गाळणी डॉक्सिजनची सगळ्यात उदार आणि सगळ्यात कमकुवत गोष्ट आहे. उदार अशासाठी की व्हान हेशना विचारायची गरजच नाही, तुमच्या ऑफिसातल्या तुमच्या चमत्कारिक फाइलसाठी तुम्ही शनिवारी बसून काहीतरी करू शकता. कमकुवत अशासाठी की सी++ मध्ये जे नाहीच ते सोंगातून सांगता येत नाही. एसक्यूएलच्या टेबलातला 'हा कॉलम रिकामा राहू शकतो' हा गुण सी++ च्या स्ट्रक्टमध्ये कुठे दाखवायचा? मग तो पडून जातो. पान तयार होतं, सुबक दिसतं, आणि नेमकी हवी होती ती माहिती त्यात नसते.

सोंग पुरेना तेव्हा खरा पार्सर लिहावा लागतो. फोरट्रानचं उदाहरण मला फार शिकवून जातं. फोरट्रान 1950 च्या दशकातली, पंचकार्डांच्या काळातली भाषा. एका कार्डावर 80 स्तंभ. पहिल्या पाच स्तंभांत ओळीचा क्रमांक, सहाव्यात काही खूण असेल तर 'ही मागच्या ओळीचीच पुढची कडी' असा अर्थ, 7 ते 72 मध्ये प्रत्यक्ष विधान, आणि 73 ते 80 मध्ये कार्डांचा अनुक्रमांक, म्हणजे गठ्ठा हातातून पडला तरी पुन्हा लावता यावा! पहिल्या स्तंभात सी हे अक्षर असेल तर सगळी ओळ कॉमेंट. पुढे फोरट्रान 90 मध्ये मोकळी मांडणी आली, स्तंभांची सक्ती गेली, कॉमेंट उद्गारचिन्हाने सुरू होऊ लागली. पण जुना कोड कोण फेकून देतो? हवामानाची, अणुभट्ट्यांची, विमानाच्या पंखांची गणितं त्यातच आहेत.

त्यामुळे डॉक्सिजनला फोरट्रान शिकवायची म्हणजे दोन फोरट्रान शिकवायच्या. एक्स्टेन्शन कुठल्या भाषेचं हे सांगायची सोय डॉक्सिजनमध्ये आहे, तिथे फोरट्रानसाठी तीन पर्याय दिसतात: बंदिस्त मांडणी, मोकळी मांडणी, आणि 'फाइल पाहून तूच काय ते ओळख'. हा तिसरा पर्याय मला नेहमी हसवतो. पण त्याच्यामागे केवढं काम असेल याचा विचार केला की हसू जातं. पहिल्या स्तंभातलं सी हे कॉमेंट आहे की 'कॉल' या शब्दाचं पहिलं अक्षर, हे ओळखण्यात कोणाचे तरी रविवार गेले आहेत.

आणि असा प्रत्येक पार्सर म्हणजे कायमचं देणं. भाषा बदलत राहते, पार्सर सांभाळणारा माणूस नोकरी बदलतो, लग्न करतो, कंटाळतो. डॉक्सिजनमध्ये मध्यंतरी टीसीएल भाषेचा पार्सर होता. पुढे तो काढून टाकला गेला. भाषा जोडली गेल्याची बातमी होते, काढली गेल्याची फक्त बदलांच्या यादीत एक ओळ.

दुसरीकडे पायथनवाल्यांनी नेमका उलटा रस्ता धरला. पायथनची अधिकृत माहिती वर्षानुवर्षं लेटेखमध्ये लिहिलेली होती. लेटेख ज्याला येतं तो त्याच्या प्रेमात असतो, पण स्पेलिंगची एक चूक सुधारायला आलेल्या माणसाला ते शिकायला लावणं म्हणजे देवळात शिरायच्या आधी वेदपठण करून घेणं. 2007 मध्ये गेऑर्ग ब्रँडल या जर्मन प्रोग्रामरने सगळी माहिती 'रीस्ट्रक्चर्ड टेक्स्ट' या साध्या फॉरमॅटमध्ये आणली. हातांनी नाही, त्यासाठी रूपांतर करणारा प्रोग्राम लिहून. आणि त्या साध्या फाइल्सची पानं करायला जे हत्यार बनवलं ते मार्च 2008 मध्ये 'स्फिंक्स' नावाने बाहेर आलं.

म्हणजे इथे जनरेटरला लेटेख शिकवलं नाही, फाइलच बदलली. ते पचलं, कारण त्या लेटेख फाइल्स दुसरं कोणी वाचत नव्हतं. ज्या फाइलचा वाचक फक्त जनरेटर आहे ती बिनधास्त बदलावी. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

स्फिंक्सचा पाया 'डॉकयुटिल्स' हा होता आणि त्यात एक शहाणपण होतं: फाइल वाचली की तिचं आधी एक झाड बनतं, परिच्छेद, यादी, मथळा असं, आणि पानं त्या झाडापासून निघतात. 2006 मध्ये बर्कलीच्या जॉन मॅकफार्लेन यांनी 'पँडॉक' काढलं त्यातही हेच. (मॅकफार्लेन हे पेशाने तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. आपल्याकडे कोणी तत्त्वज्ञानाला जातो म्हटलं की घरचे काळजी करतात.) मध्ये झाड असलं की नवीन फाइल वाचायला शिकणं म्हणजे फक्त त्या फाइलचं झाड करायला शिकणं. बाकी सगळं फुकट मिळतं. रॅम्झीच्या साखळीतली कल्पनाच जरा वेगळ्या कपड्यांत.

स्फिंक्सला याचा उपयोग लवकरच झाला. 2004 मध्ये जॉन ग्रूबरने आणलेलं मार्कडाउन एव्हाना सगळीकडे पसरलं होतं आणि नव्या पोरांना रीस्ट्रक्चर्ड टेक्स्ट शिकायचं नव्हतं. 2015 पासून स्फिंक्समध्ये आपला पार्सर लावता येऊ लागला. आधी 'रीकॉमनमार्क' आलं, 2021 मध्ये ते थांबवून लोकांना 'मिस्ट' या नव्या पार्सरकडे पाठवण्यात आलं. डॉक्सिजनने 2012 च्या आवृत्तीत मार्कडाउन घेतलं होतंच. पण मार्कडाउनला 'या फंक्शनकडे दुवा दे' किंवा 'इथे सूचनेची चौकट घाल' हे सांगताच येत नाही, ते त्यासाठी जन्मलेलंच नाही. मग प्रत्येक जनरेटरने आपापली भर घातली. सगळ्यांना एकच सोपी बोली हवी होती, झाल्या दहा पोटबोली.

जावाडॉकलासुद्धा शेवटी झुकावं लागलं. कॉमेंटमध्ये हाताने एचटीएमएलचे टॅग लिहायची पद्धत 1990 च्या दशकात आधुनिक वाटत होती. सप्टेंबर 2024 मध्ये आलेल्या जावा 23 मध्ये जावाडॉकच्या कॉमेंट मार्कडाउनमध्ये लिहायची सोय झाली. त्यासाठी कॉमेंटची नवी खूण आली, तीन तिरक्या रेघा. जुनी ताऱ्यांची खूण का नाही चालली? कारण तारा आणि तिरकी रेघ लागोपाठ आली की जावाची कॉमेंट संपते, त्यामुळे उदाहरण म्हणून दिलेल्या कोडमध्ये अशी कॉमेंट दाखवताच येत नाही. शिवाय प्रत्येक ओळीच्या सुरुवातीचा तारा मार्कडाउनमध्ये यादीची खूण असतो. जुन्या कॉमेंट जशा होत्या तशाच चालतात, कोणाला काही बदलावं लागलं नाही.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं त्या लिनक्स कर्नलकडे येतो.

कर्नलमध्ये डॉक्युमेंटेशनची दोन वेगळी घरं होती. एकीकडे साध्या टेक्स्ट फाइल्स, शेकड्यांनी, ज्याला जसं सुचेल तसं लिहिलेल्या. दुसरीकडे सी कोडमधल्या खास कॉमेंट. या कॉमेंट वेचायला 'कर्नल-डॉक' नावाची पर्ल स्क्रिप्ट होती, तिच्या माथ्यावर मायकेल झुकी यांचं 1998 चं नाव आहे. मग डॉकबुक नावाच्या एक्सएमएल फॉरमॅटमधले साचे, त्या साच्यांत 'इथे अमुक फाइलमधल्या कॉमेंट घाला' अशा खुणा, आणि त्या खुणा वाचून कर्नल-डॉकला हाक मारणारा आणखी एक प्रोग्राम. एवढ्या सगळ्या यंत्रणेतून बाहेर पडणाऱ्या पानात कॉमेंटमध्ये एक साधी यादी द्यायचीही सोय नव्हती.

ग्राफिक्स ड्रायव्हर लिहिणारी मंडळी याला वैतागली. 2015 च्या सुमारास त्यांनी कॉमेंटमध्ये मार्कडाउन लिहू द्यावं असा प्रयत्न केला, पँडॉक वापरून. पण पँडॉक म्हणजे बरोबर हास्केलचा सगळा गोतावळा इन्स्टॉल करणं आलं. मग एस्कीडॉक की स्फिंक्स यावर चर्चा झाली. शेवटी कौल स्फिंक्सला गेला. कर्नल-डॉकला डॉकबुकऐवजी रीस्ट्रक्चर्ड टेक्स्ट ओतायला शिकवलं, आणि स्फिंक्सला एक छोटी जोड दिली, जी 'या सी फाइलमधलं आण' म्हटलं की ती स्क्रिप्ट चालवते. ऑक्टोबर 2016 मध्ये आलेल्या 4.8 या आवृत्तीत हे सुरू झालं.

कुरकुर झालीच. कर्नलवाले लोक फाइल ब्राउझरमध्ये बघत नाहीत, टर्मिनलमध्येच वाचतात. त्यांना भीती होती की खुणांनी फाइल बरबटून जाईल. डॉक्युमेंटेशनची धुरा सांभाळणारे जोनाथन कॉर्बेट यांनी धोरणच ठेवलं की खुणा कमीत कमी वापरा, फाइल आहे तशी वाचता आली पाहिजे. जुन्या टेक्स्ट फाइल्स एकेक करून नव्या फॉरमॅटमध्ये आणायचं काम पुढे कित्येक वर्षं चाललं, त्यातला फार मोठा वाटा माउरो कार्व्हाल्यो शेहाब या ब्राझिलियन माणसाचा.

पण काही फाइल्सना हात लावता येईना. उदाहरणार्थ 'मेंटेनर्स'. कर्नलच्या कुठल्या भागाचा मालक कोण याची ही यादी, वीस हजारांहून जास्त ओळींची. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक अक्षर: एम म्हणजे माणसाचा पत्ता, एल म्हणजे यादीचा, एस म्हणजे स्थिती, एफ म्हणजे कुठल्या फाइल्स. ही यादी माणसं वाचतात, आणि एक स्क्रिप्टही वाचते, जी तुमचा पॅच कोणाला पाठवायचा ते सांगते. फॉरमॅट बदलला तर दोघंही कोलमडतील. 2019 मध्ये कीस कुक यांनी फाइलचं मुख्य रूप तसंच ठेवून स्फिंक्सलाच ती वाचायला शिकवलं.

दुसरी 'एबीआय' नावाची फोल्डर, 2006 मधली. कर्नल बाहेरच्या प्रोग्राम्सना ज्या ज्या फाइल्स उघडून दाखवतो त्यांची नोंद. प्रत्येक नोंदीत काय, केव्हापासून, कुठल्या आवृत्तीत, कोणाला विचारायचं आणि वर्णन. कर्नलने बाहेरच्या प्रोग्रामला दिलेला शब्द मोडायचा नाही हा तिथला सगळ्यात पवित्र नियम, आणि तो शब्द काय होता हे इथे लिहिलेलं. शेहाब यांनी या नोंदी वाचणारी स्क्रिप्ट लिहिली आणि 2020 मध्ये ती स्फिंक्सला जोडली.

पानं तर झालीच. पण 2021 मध्ये त्यांनी त्याच स्क्रिप्टला आणखी एक काम दिलं: चालू मशीनवर कर्नलने प्रत्यक्ष कुठल्या फाइल्स उघडल्या आहेत ते बघ, नोंदींशी ताडून पाहा, आणि ज्यांची नोंद कुठेच नाही त्यांची यादी दे. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरळ बसलो. केटीच्या वेळच्या त्या वर्ड फाइलचं दुखणं हेच होतं ना, की ती खोटी झाली आहे हे सांगणारं कोणी नव्हतं? इथे माहितीची फाइल मशीनला वाचता येऊ लागली आणि लगेच तिची उलटतपासणी सुरू झाली. 2018 पासून हार्डवेअरच्या वर्णनांचंही असंच होत आलं आहे. मोकळ्या इंग्रजीत लिहिलेली माहिती यॅमल फॉरमॅटच्या नियमांत आणली, आता बोर्डाचं वर्णन त्या नियमात बसतं की नाही हे मशीन तपासतं. तिथे फाइल बदलली हे खरं, पण ती जनरेटरच्या सोयीसाठी नाही, तपासता यावी म्हणून.

सगळ्यात अलीकडचं उदाहरण नेटवर्किंगचं. कर्नल आणि बाहेरचे प्रोग्राम्स ज्या 'नेटलिंक' संदेशांनी बोलतात त्यांची वर्णनं यॅमलमध्ये लिहिली जाऊ लागली, त्यातूनच सी कोड निघतो. मग एक स्क्रिप्ट त्या फाइल्सच्या मधल्या रीस्ट्रक्चर्ड टेक्स्ट फाइल्स करायची आणि स्फिंक्स त्या वाचायचा. या मधल्या फाइल्स सोर्सच्या झाडातच पडून राहायच्या, मूळ यॅमलचं नाव बदललं किंवा ती गेली तरी जुनी सावली तिथेच. 2025 मध्ये स्फिंक्सला यॅमल थेट वाचणारा पार्सर जोडला गेला आणि मधलं पात्र रंगमंचावरून गेलं.

आणि कर्नल-डॉक? पर्लमधली ती स्क्रिप्ट सी भाषा खऱ्या अर्थाने कधीच समजत नव्हती, रेग्युलर एक्स्प्रेशन्सनी अंदाज बांधायची. कर्नलमध्ये कोणी नवा मॅक्रो आणला की तिच्यात नवी ओळ. 'डिक्लेअर बिटमॅप' दिसलं तर त्याच्या जागी साधा ॲरे समज, 'पॅक्ड' दिसलं तर ते पुसून टाक, 2021 मध्ये 'स्ट्रक्ट ग्रुप' आलं तर त्याला उलगडून घे. म्हणजे डॉक्सिजनच्या गाळणीसारखीच गाळणी, फक्त पोटात. 2025 मध्ये शेहाब यांनी ही स्क्रिप्ट पायथनमध्ये नव्याने लिहिली. आता ती स्फिंक्सच्याच भाषेत आहे, त्यामुळे दर फाइलला वेगळा प्रोग्राम सुरू करून त्याचं आउटपुट गोळा करत बसावं लागत नाही. कोड पुष्कळ नीटनेटका झाला आहे, सवड असेल तर जरूर वाचा. डिक्लेअर बिटमॅपची ती ओळ मात्र पर्लमधून पायथनमध्ये आली आहे.